तीन नंबरच्या शेडची फाइल

तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणत आणि पाठीमागे हिरवी मॅडम. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. रॉकेटसाठी असं घन इंधन बनवायचं, जे जळताना हवेत आम्ल सोडणार नाही आणि जमिनीत मुरलं तर विहिरी नासवणार नाही, या एका ध्यासाने तिला सात वर्षं पछाडलं होतं. कागदोपत्री त्याला हरित इंधन म्हणत. प्रत्यक्षात भांड्यातून जो लगदा निघे त्याचा रंग गटारातल्या गाळासारखा होता. फोरमन प्रत्येक नव्या माणसाला तो दाखवी आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणे, "बघून घे, किती हिरवंगार."

आता हे घन इंधन म्हणजे काय, तर कणीक मळावी तसला प्रकार. एक मीठ, जे जळण्यासाठी लागणारा प्राणवायू पुरवतं. थोडी धातूची पूड. आणि या सगळ्याला धरून ठेवायला रबरासारखा चिकट बाइंडर. जुन्या इंधनातलं मीठ परक्लोरेटचं. ताकदीला बिनतोड, पण जळलं की आंबूस पांढरा धूर, आणि भांडी धुतलेल्या पाण्याबरोबर जमिनीत गेलं की मुक्काम हलवायचं नाव नाही. तिची आई कारखान्यामागच्या वसाहतीत त्याच जमिनीचं पाणी पीत म्हातारी झाली होती. आता रोज सकाळी ती गळ्यातल्या ग्रंथीसाठी एक बारीक गोळी घेई आणि कुरकुरे, "एवढीशी गोळी, पण तिच्यापायी अर्धा तास चहा नाही." हे सगळं कशासाठी करता, असं कुणी विचारलं की मॅडम आईच्या गळ्याची गोष्ट सांगत. ती खोटी नव्हती. पण अर्धी होती.

उरलेली अर्धी तिने कुणालाच सांगितली नव्हती. आपण सांगून टाकू, लपवाछपवी कशाला.

तिचे बाबा तीन नंबरच्या शेडमध्ये मिक्सरवर कामाला होते. दिवसभर उभं राहून त्यांची डावी टाच दुखायची, म्हणून ते तो पाय जरा ओढत चालायचे. सिमेंटच्या जमिनीवर खर्र, मग थोडा वेळ, मग पुन्हा खर्र. बारा वर्षांच्या या पोरीने एक दिवस जुना रेनकोट आणि भांडी घासायचा नवा कोरा स्पंज घेऊन, हाताने टाके घालून बाबांच्या बुटांसाठी मऊ तळवे शिवले. एक तळवा मोठा झाला होता, एक लहान. बाबांनी ते घातले, खोलीभर दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "आता मला साहेबसुद्धा विचारतील, बूट कुठून घेतले?" तेव्हापासून रोज संध्याकाळी ते घरी आले की ती दारातल्या बुटांत हात घालून बघायची. तळवे असायचे. दमट आणि गरम. आठ महिने असायचे. मग एका सकाळी तीन नंबरची शेड पेटली, आणि बाबा परत आले नाहीत.

तेवढ्यावर थांबलं असतं तर ते नुसतं दुःख होतं. ते कुणाला चुकलंय? पण अकरा वर्षांनी ती स्वतः याच धंद्यात आली, आणि पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्या माणसाने सगळ्यांना दारात जमिनीवर बसवलेल्या लोखंडी पाटीवर उभं करून सांगितलं, "अंगात साचलेली वीज बुटांतून जमिनीत उतरली पाहिजे. बुटात काही म्हणजे काही घालायचं नाही. रबर नाही, स्पंज नाही, कागदाचा कपटासुद्धा नाही. एक ठिणगी पुरते." आणि वर म्हणाला, "ही पाटी तीन नंबरच्या अपघातानंतर बसवली." ती पाटीवर उभीच राहिली. मागचा माणूस म्हणाला, "अहो, पुढे सरका ना."

त्या दिवसापासून बाबांना आपण मारलं, हे तिने मनाशी धरून ठेवलं. कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. आईजवळ दहादा शब्द जिभेवर आले आणि दहादा गिळले. लग्न केलं नाही. कामात बुडाली. नव्या मिठाची निवड करायची वेळ आली तेव्हा बाकीचे विचारत, जोर किती? हिचा पहिला प्रश्न असे, ठिणगी सोसतं किती? डझनभर मिठांतून तिने जे उचललं ते ताकदीला मधलंच होतं, वर हवेतली ओल पिऊन ढेकळं व्हायचं. जुन्या बाइंडरशी तर त्याचं साप-मुंगसाचं वैर. दोन्ही एकत्र आली की लगद्यात बुडबुडे. मग त्याच्यासाठी नवा बाइंडर शोधला, तो इतका घट्ट की चमचा उभा राहील, आणि त्याचा एक डबा बनवायला तीन आठवडे. पण हे मीठ ठिणगीला दाद देत नव्हतं. चुकून कुणाच्या पोरीने बुटात स्पंज घातला तरी माणूस घरी येईल, असलं इंधन तिला हवं होतं. हे कुठल्या अहवालात लिहिणार?

पहिला मोठा घाणा घ्यायचा ठरला, तो नेमका तीन नंबरच्या शेडमध्ये. दुसरी शेड रिकामी नव्हती.

सोमवारी सेफ्टीसाहेब तिच्या टेबलाशी आले. माणूस नवा, सरळ, नियमावर बोट ठेवून चालणारा. त्यांच्या हातात फितीने बांधलेली, कडा काळवंडलेली फाइल होती. ज्या शेडमध्ये पूर्वी अपघात झाला आहे तिथे नवीन इंधन करायचं तर कामाच्या प्रमुखाने जुना चौकशी अहवाल वाचायचा आणि शेवटच्या कागदावर सही करायची, असा नियम होता. चांगला नियम होता. तिने फाइलवरची तारीख पाहिली. बाबा गेले त्या दिवसाची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिला वाटलं की हा माणूस आपल्याकडे निरखून पाहतोय, याला माहीत आहे. तो बिचारा तिच्या टेबलावरचं कॅलेंडर बघत होता.

"वेळ घ्या," ते म्हणाले. "हवं तर मी उद्या नेतो."

"नको," ती म्हणाली. "मला माहीत आहे यातलं."

फीत सोडली, शेवटचा कागद काढला, 'वाचून समजून घेतले' असं छापलेलं होतं त्याखाली सही केली, फीत पुन्हा बांधली. अर्धं मिनिटही लागलं नाही. सेफ्टीसाहेबांना वाटलं, हिचे वडीलच ते, हिने कधीच वाचलं असणार. ते फाइल घेऊन गेले.

मंगळवारी खोटा घाणा केला. खोटा म्हणजे खऱ्या मिठाऐवजी साधं मीठ घालून मिक्सर चालवून बघायचा. फोरमनने विचारलं, "मॅडम, बाइंडर नवा घ्यायचा ना?"

"तीन आठवड्यांचा डबा साध्या मिठात घालवू? जुनाच घ्या."

"लगदा पातळ होईल मग."

"होऊ दे. पाती फिरतात का एवढंच बघायचंय."

फोरमन मान हलवून गेला. मिक्सर चालू असताना शेडमध्ये कुणी थांबत नसे. मातीच्या उंच बांधापलीकडे कंट्रोल रूम होती, तिथून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायचं आणि शेडमधला आवाज भिंतीवरच्या स्पीकरवर ऐकायचा. मोटार घुमत होती. आणि मोटारीच्या खालून, अगदी दबलेलं, तिला ऐकू आलं. खर्र. मग थोडा वेळ. मग पुन्हा खर्र.

सिमेंटवर डावी टाच.

तिने बाजूला पाहिलं. फोरमन आकड्यांकडे डोळे लावून बसला होता, चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. म्हणजे त्याला काही ऐकू येत नाही. आपल्यालाच येतंय. ती घाबरली का? घाबरली, पण खरं सांगायचं तर तेवढीच नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिच्याकडे चालत येत होतं. तिने डोळे मिटून घेतले आणि मिक्सर थांबेपर्यंत ऐकत बसली.

बुधवारी संध्याकाळी आईने ताट वाढताना विचारलं, "उद्या कुठल्या शेडमध्ये?"

"तीन नंबर."

आईचा हात थांबला. मग ती म्हणाली, "दुसरी नव्हती?"

"नव्हती."

"जपून गं." आईने पदराने उगाचच ताटाची कड पुसली. "त्यांनाही मी रोज हेच म्हणायची. म्हणून काही उपयोग होतो असं नाही. पण म्हटल्याशिवाय राहवत नाही."

आत्ता सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने पाणी प्यायलं. रात्री झोप लागली नाही, ते काही वेगळं सांगायला नको.

गुरुवारी सकाळी नऊला खरा घाणा सुरू झाला. कामाची रीत अशी: आधी नुसता बाइंडर आणि धातूची पूड चाळीस मिनिटं फिरवायची. तोवर भीती नसते. मग मिक्सर थांबवून दोन कामगार आत जातात, खरं मीठ भांड्यात रिकामं करतात, बाहेर येतात, आणि मिक्सर पुन्हा सुरू होतो. शेवटी भांडं खाली उतरवताना पाती हळूहळू फिरतीच ठेवावी लागतात, नाहीतर लगदा त्यांना सोडत नाही; तेव्हा लाकडी पट्ट्या घेऊन पुन्हा दोघांना आत जावं लागतं. नव्या लगद्याच्या घट्टपणामुळे हे शेवटचं काम लांबणार होतं. तिनेच परवानगीत 'वीस मिनिटे' असं लिहिलं होतं.

मिक्सर सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला तो आवाज आला. आज दबलेला नव्हता. खर्र. खर्र. जवळ, जणू स्पीकरच्या जाळीमागेच. बाबा आज घाईत होते.

कंट्रोल रूममध्ये तिघंच होती: ती, बटणांपाशी फोरमन, आणि मागे खुर्चीत सेफ्टीसाहेब, मांडीवर तीच फाइल. दोन्ही कामगार मिठाचे डबे घेऊन बांधाच्या तोंडाशी थांबले होते. कुणी काही बोलत नव्हतं. फोरमनच्या कपाळावर घाम होता. तिने पाहिला आणि उकाड्याचा असेल म्हणून सोडून दिला.

"पस्तीस मिनिटं," फोरमन म्हणाला.

सेफ्टीसाहेबांनी घसा खाकरला. "मॅडम, आठव्या पानावरचं तुम्ही पाहिलंच असेल. मला यंत्रातलं फारसं कळत नाही, म्हणून मी तुमच्या सहीवर विसंबलो. हा आवाज असाच असतो का?"

ती गर्रकन वळली. "कसला आवाज?"

"हा. खर्रखर्र."

या माणसाने बाबांना कधी पाहिलं नव्हतं, ते कसे चालतात ते त्याला ठाऊक नव्हतं. मग याला कसं ऐकू येतं?

"फाइल द्या," ती म्हणाली.

फीत सुटेना. तिने ती ओढून तोडली. आठवं पान हवं होतं, पण घाईत सहावं उघडलं. सहाव्या पानावर मृत कामगाराच्या कपाटातल्या वस्तूंची यादी होती, बारीक सरकारी अक्षरात. कंगवा एक. डबा एक. चष्म्याचे घर एक. घरी शिवलेले स्पंजचे तळवे, एक जोड, लहानमोठे.

त्याखाली जोडीदार कामगाराचा जबाब होता. 'सदर इसम रोज कामाचे कपडे चढवताना बुटातले तळवे काढून कपाटात ठेवत असे व घरी जाताना पुन्हा बुटात घालत असे. आम्ही त्यावरून त्याची चेष्टा करत असू. तो म्हणे की मुलगी रोज संध्याकाळी बूट तपासते.'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. रडायला हवं होतं, पण स्पीकरवरचा आवाज थांबत नव्हता, आणि आता प्रथमच तो तिला परका वाटला. बाबांनी तळवे घातलेच नव्हते. मग ठिणगी कुठली? तिने पान उलटलं.

आठव्या पानावर लिहिलं होतं की अपघाताआधी चार दिवस कामगारांना मिक्सरमधून खरवडल्यासारखा आवाज येत होता. भांड्याच्या आतल्या भिंतीवर वीतभर लांबीचा चकचकीत ओरखडा सापडला. लगदा नेहमीपेक्षा घट्ट झाला की दांड्यावर ताण येतो, खालच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर दांडा वाकतो, आणि पातं भिंतीला घासतं. घासून तापतं. मीठ कितीही सोशिक असू दे, घासणाऱ्या लोखंडाखाली सापडल्यावर ते किती सोसणार? शेवटी शिफारस होती: घट्ट लगदा करायचा असेल तेव्हा खोटा घाणा त्याच बाइंडरने करावा, आणि पात्याची फट मोजावी.

"चाळीस मिनिटं," फोरमन म्हणाला आणि त्याने मिक्सर थांबवला. "माणसं आत सोडू?"

"नाही."

"मॅडम?"

"कुणाला आत सोडू नका. मीठ परत न्या. घाणा रद्द."

तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. सात वर्षांचं काम, तीन आठवड्यांचा बाइंडर, वरच्या साहेबांना दिलेली तारीख, सगळं त्या दोन शब्दांत गेलं.

भांडं उतरवून रिकामं करायला आणि पुसायला दुपार झाली. फोरमनने बॅटरी आत धरली. खालच्या बाजूला, भिंतीवर, एक ओरखडा होता. बोटभर रुंद, नव्या भांड्यासारखा चकाकणारा. फोरमनने त्यावर अंगठा फिरवला.

"तुम्हाला ऐकू येत होता ना आवाज?" तिने विचारलं. "मंगळवारीसुद्धा."

"येत होता."

"मग बोलला का नाहीत? वीस वर्षं मिक्सरवर काढलीत तुम्ही."

फोरमनने बॅटरी बंद केली. "बोलणार होतो. पण इथे सगळे म्हणतात, तीन नंबरमध्ये म्हातारा फिरतो. मी लागलो तेव्हापासून ऐकतोय, पाय ओढत फिरतो म्हणून. मंगळवारी आवाज आला आणि बघतो तर तुम्ही डोळे मिटून बसलेल्या. म्हटलं, मुलीला भेटायला आलेत. वडील तुमचे. तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने सांगू, की मॅडम, हे बेअरिंग असेल?"

"आज?"

"आज तर पोरंही घाबरली होती. पण तुम्ही गप्प, मग आम्हीही गप्प."

ती भांड्याच्या काठाला धरून उभी राहिली. दोन माणसं वीस मिनिटं या पात्याशेजारी उभी राहणार होती. एकाला गेल्या महिन्यात मुलगी झाली होती. तिने त्याला स्वतः हसून सांगितलं होतं की हे इंधन फार सुरक्षित आहे, काळजी करू नकोस.

"म्हणजे मग," फोरमनने जरा चाचरत विचारलं, "म्हातारा नव्हताच?"

"नव्हता," ती म्हणाली. आणि तेव्हा कुठे ती रडली, भांड्यावर ओणवी होऊन, मोठ्याने, बारा वर्षांच्या पोरीसारखी. बाबांना आपण मारलं नाही म्हणून रडली, आणि ते येत होते असं वाटायचं, ते कधीच आले नव्हते म्हणूनही रडली. फोरमन पाठ करून उभा राहिला. पोरांना त्याने हाताने लांब जायला सांगितलं.

तोंड धुऊन ती सेफ्टीसाहेबांच्या खोलीत गेली. ते काहीतरी लिहीत होते. तिला पाहून उठले आणि म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही मोठा अपघात टाळलात. मी तसं वर कळवतोय."

"तसं कळवू नका." ती बसली नाही. "मी सोमवारी फाइल वाचली नव्हती. शेवटचा कागद सोडून एकही पान उलटलं नाही. नुसती सही केली. आणि मंगळवारी आवाज ऐकला तो कुणाला सांगितला नाही."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "का?"

त्या पाटीवर उभी राहिली त्या दिवसापासून तिने मनातल्या मनात हजारदा कबुली दिली होती, आईसमोर, बाबांसमोर, कोर्टासमोर. प्रत्येक शब्द पाठ होता. आता त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. ती कबुली ज्या चुकीची होती, ती चूक तिने केलीच नव्हती. आणि जी केली होती तिचं कारण सांगायचं तर एवढंच होतं.

"मला भीती वाटली," ती म्हणाली.

सेफ्टीसाहेब खुर्चीत बसले. लिहिलेला कागद त्यांनी बाजूला ठेवला. "हे लिहून घेतलं तर काम तुमच्याकडे राहणार नाही," ते हळूच म्हणाले. "मीठ तुमचं, बाइंडर तुमचा. पुढचा घाणा दुसऱ्या कुणाच्या सहीने होईल."

"होऊ दे. फक्त खोटा घाणा नव्या बाइंडरने करायला सांगा."

त्यांनी कोरा कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी पेन तिच्यापुढे सरकवलं.

"तुम्हीच लिहा," ते म्हणाले.

ती खुर्ची ओढून बसली आणि लिहू लागली. लिहून झाल्यावर तिने तो कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत दोनदा वाचला, आणि मग सही केली.